एकतीस मिलिमीटर

कोप्लिकच्या वर, चुनखडीच्या उतारावर
त्रूम्झ उगवते, माती नसलेल्या जागी,
दगडाच्या दोन दातांत अडकून राहिल्यासारखी.
बाबा ती फुलोऱ्यात कापतात, भर दुपारी,
शेळ्यासुद्धा सावली धरतात तेव्हा.
आधी कापली तर तेल पोरकट निघतं, म्हणतात.

श्कोदऱ्याच्या प्रयोगशाळेतलं माझं यंत्र तेच सांगतं,
जरा लांबण लावून:
जूनच्या काडीत टर्पिनीन जास्त, सायमीन जास्त;
ऑगस्टपर्यंत ती दोघं झिजत जातात
आणि त्यांच्या जागी कार्व्हाक्रोल येऊन बसतं,
जिभेला झोंबणारं, थोरल्या भावासारखं.

आलेख छापून घरी नेला.
बाबांनी चष्मा कपाळावर ढकलला,
कागद उलटा धरला, मग सुलटा.
"हा वेलेचिक," सर्वांत उंच टोकावर बोट.
"आणि ही ठेंगणी टेकडी? इथं तर आपली भट्टी."
ठेंगणी म्हणजे थायमॉल.
मी दुरुस्त केलं नाही.

सप्टेंबरात विळा निसटला.
घोट्याच्या वर चार बोटं, थेट हाडाची विचारपूस करून आला.
टाके, मग पू, मग ताप, मग इस्पितळ.
प्रेंदा नर्सनं जखमेतला बोळा
माझ्याच टेबलावर पाठवला.
चिठ्ठीवर नाव: न्दोक. वय: एकसष्ट.
नात्याचा रकाना नसतो त्या चिठ्ठीत.

सोनेरी जंतू निघाले, चार औषधांना न जुमानणारे.
आगरच्या ताटलीवर त्यांना पसरलं,
कागदाची टिकली ठेवली,
टिकलीवर बाबांच्याच भट्टीचं तेल,
पाच मायक्रोलिटर,
थेंब म्हणायलाही लाज वाटावी इतकं.
शेजारी दुसरी टिकली, बिनतेलाची.

रात्री आत काय घडतं ते मला पाठ आहे.
सायमीन पेशीच्या पापुद्र्यात शिरतं, त्याला फुगवतं.
एकट्यानं ते फारसं कुणाला मारत नाही,
दार किलकिलं करून बाजूला उभं राहतं.
मग कार्व्हाक्रोल येतं.
मग आतलं पोटॅशियम गळू लागतं,
आणि घर उभं असतानाच
घरातलं सगळं रस्त्यावर येतं.

सकाळी स्वच्छ वर्तुळ.
पट्टी लावली: एकतीस मिलिमीटर.
बिनतेलाच्या टिकलीला मात्र
सोनेरी गर्दी अंगाला अंग घासून बिलगलेली.

फोटो पाहून बाबा उशीवरून उठलेच.
"मग ओत ना! बाटली कपाटात आहे."

कसं सांगायचं?
ताटलीत रक्त नसतं.
तेलाला वाटेतच धरून ठेवणारी प्रथिनं नसतात, चरबी नसते.
आणि जंतूचा पापुद्रा जे फाडतं
त्याला तुमचा पापुद्रा काही परका नाही.
ताटली म्हणजे पाय नव्हे, बाबा.

बराच वेळ ते छताकडे बघत होते.
"मग चाळीस वर्षं मी काय उकळलं?"

याचं उत्तर मला तेव्हा आलं नाही,
अजूनही पूर्ण येत नाही.

सलाइनमधल्या औषधानं अकराव्या दिवशी ताप उतरला.
गावात ते सांगतात, त्रूम्झनं उतरला.
डॉक्टरांना त्यांनी एक बाटली धाडली;
लेबलावर अक्षर माझं: पिऊ नये.

ताटलीचं सांगायचं राहिलं.
ती दुसऱ्याच दिवशी टाकायची असते, मी ठेवली होती.
चौथ्या दिवशी, ऑटोक्लेव्हमध्ये सारण्याआधी,
सवयीनं उजेडाला धरली.
स्वच्छ वर्तुळाच्या आत, काठापासून बरंच दूर,
एक ठिपका.
मोहरीच्या निम्मा. सोनेरी.

पट्टी परत खिशात ठेवली.
एकतीस खोडावे का, विचार केला; खोडले नाहीत.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: आत एक.

दुपारभर यंत्राच्या वाफेला
आमच्या उताराचा वास येत होता.
खिडकी उघडायला कुणी उठलं नाही.